चार खिडक्यांतला दोर

भाई, वाडीतल्या मंडळाला स्मरणिकेत तुझ्यावर एक पान हवं आहे. धाकटा भाऊ, घरातला शिकलेला, तेव्हा लिहायचं माझ्याकडे आलं. "चार चांगले शब्द टाका," म्हणाले. मी विचारलं, "राग आलाय, तो लिहिला तर चालेल का?" नाही म्हणाले नाहीत, म्हणून लिहितो.

तुला जाऊन महिना होऊन गेला. लोक येतात, बसतात, तू किती मोठा तांडेल होतास ते मलाच सांगतात. वाऱ्याचा वास घेऊन बोट परत फिरवायचास, तुझ्या बोटीवर पंचवीस वर्षांत एक माणूस दगावला नाही, सगळं खरं. मी मान हलवतो. मनात म्हणतो, पाण्यावर दगावला नाही. जमिनीवर, इस्पितळाच्या दारात, गाडीची दारं बांधून घेऊन बसला होता तो कोण?

तुला आठवतं, ती कयाक मी आणली तेव्हा तू हसला होतास. एक रिसॉर्ट बंद होत होतं, त्यांनी सामान विकायला काढलं, त्यात ती केशरी प्लास्टिकची दोन माणसांची होडी. तू तिच्यावर टिचकी मारलीस. "बीकॉम, ही होडी हाय की बादली?" गावात मला नाव आहे, ऑफिसात साहेब म्हणतात, पण तुझ्यासाठी मी बीकॉम. आपल्या घरात पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला गर्व आहे, तो मी कधी लपवला नाही. तुला तर माझ्यापेक्षा जास्त होता. माझ्या पदवीदानाचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तू बोटीच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी लावला होतास. मला ते वर्षभराने तुझ्या एका खलाशाकडून कळलं. तोंडावर मात्र बीकॉम, बीकॉम, जसं काही मी एखादा गुन्हा करून आलो होतो.

मग एका रविवारी जयगडच्या खाडीत आपण ती पाण्यात घातली. तू पुढे बसलास, मी मागे. जरा आत गेल्यावर तू वल्हं मांडीवर ठेवलंस आणि म्हणालास, "बीकॉम, आपण दोघं एका होडीत कधी बसलो?" मी आठवायला लागलो. कधीच नाही. मी सात वर्षांचा असताना बाबा गेले, तू चौदाचा होतास. त्यानंतर तू बोटीवर आणि मी शाळेत. बंदरावर तुला डबा द्यायला आलो तरी तू मला फळीवर पाय ठेवू द्यायचा नाहीस. "घरी जा, पुस्तक धर." कोळंबीच्या टोपल्यांमधून हुसकून लावायचास. समुद्राच्या घरात जन्मून मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत कोरडा राहिलो, तो तुझ्यामुळे. आणि मग म्हातारपणाच्या दाराशी येऊन आपण दोघं त्या बादलीत बसलो. कांदळवनातून खंड्या उडाला, तू लहान पोरासारखा बोट दाखवून म्हणालास, "ह्या खाडीच्या तोंडावरून हजार वेळा गेलो असेन. आत काय हाय ते आज बघितलं."

तेव्हाच ठरलं. जिल्ह्यातली एकेक खाडी आतून बघायची. भाट्ये, काळबादेवी, पूर्णगड, मग वर दाभोळ. होडी गाडीच्या टपावर टाकायची आणि जायचं. आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. तू अर्ध्यात उठून गेलास.

माझी गाडी तू बघितलेली. छोटी, टप गोल, टपाला ना रेलिंग ना पन्हळ. होडी गाडीएवढीच लांब. मी पंधरा दिवस वाचलं, गाडीचं पुस्तक काढलं, टपावर किती वजन चालेल ते बघितलं. दोन आडवे दांडे येतात, ते दाराच्या चौकटीत पकडीने बसतात. त्यावर होडी ठेवून पट्ट्यांनी आवळायची. छोट्या गाडीत दोन दांड्यांमध्ये अंतर कमी पडतं, म्हणून होडीचं पुढचं आणि मागचं टोकही बांधून घ्यायचं. सगळं मी कागदावर काढून तुला दाखवलं. तू चष्मा लावून नीट बघितलंस. मग विचारलंस, "होडी उपडी दाखवलीस ती का?"

"उपडी घट्ट बसते, भाई. वारा कमी लागतो. सगळे तशीच नेतात."

"सगळ्यांना नेऊ दे."

मी कागद मागे घेतला, कारण मला माहीत होतं. बाबांची होडी दुसऱ्या दिवशी सापडली ती उपडी. चार जणांनी दोर लावून ओढत आणली तेव्हा किनाऱ्यावर तू उभा होतास, मी आईच्या मागे. तेव्हापासून आपल्या घरात होडीचं तोंड खाली करत नाहीत. पावसाळ्यात होडी वर काढून झापांनी शाकारतात तेव्हासुद्धा आपली उताणी, आत पाणी साचलं तर रोज उपसायचं पण उताणीच. ते मला मान्य होतं. मी म्हटलं, ठीक आहे, उताणी न्यायला दांड्यांवर वाकडे हात बसवायचे मिळतात, ते घेऊ. तुझं उत्तर, "एवढ्याशा बादलीला पाळणा कशाला?"

तू गॅरेजवाल्या इक्बालकडे गेलास. तो म्हणाला, जीपसारखं कॅरिअर वेल्डिंग करून देतो, टपाला चार भोकं पाडावी लागतील. मी म्हटलं, माझ्या गाडीला भोक पाडलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तू म्हणालास, "गाडी लोखंडाचीच हाय ना? की बीकॉम झालीय तीपण?" इक्बाल इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला. मी निघून आलो. तसा मी लवकर दुखावतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक होतं.

मग तुझं कॅरिअर आलं. जुन्या जाळ्याच्या दोन वळकट्या टपावर, वर होडी उताणी, आणि बोटीवरचा निळा नायलॉनचा दोर. उताणी होडी गोल टपावर डोलते, म्हणून वेढे जास्त. मी म्हटलं, "दार उघडून आतून घे, मग दार लाव." तू म्हणालास, "दारात दाबला की दोर मरतो." म्हणून खिडक्यांतून. मागच्या दोन खिडक्यांतून दोन वेढे, मग आपण पुढे बसायचं, आणि पुढच्या दोन खिडक्यांतून दोन वेढे, आपल्या डोक्यांना घासून, छताखालून. शेवटची गाठ तुझ्या कानाशी. चारही दारं बंद. आपण दोघं आत, पुडीत बांधलेल्या भज्यांसारखे.

पहिल्यांदा माझी बायको बघायला आली तेव्हा तिने विचारलं, "वाटेत लघवी लागली तर?" तू गंभीरपणे म्हणालास, "तांडेलाला लागत नाय." भाट्याच्या पुलावर ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं. म्हणाला, खाली उतरा. आपण उतरू शकत नव्हतो. तू खिडकीतून हात बाहेर काढून त्याला गाठ दाखवलीस, कशी घातली ते समजावलंस, आणि तो कागद न बघता हसत बाजूला झाला. मी पण हसलो होतो. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. आठ महिने आपण तसे फिरलो. आठ महिने ते गमतीचं होतं.

आता मी जे लिहितोय ते कोणालाच माहीत नाही.

कॅरिअर आलेलं होतं, भाई. मी मागवलं होतं, वाकड्या हातांचं, होडी उताणी नेणारं. तुझ्या मनासारखं. तुला न सांगता मागवलं, बसवून दाखवायचं म्हणून. गुरुवारी खोका आला आणि त्याच संध्याकाळी तू बंदरावर चार माणसांत बोललास. मी तिथे उभा होतो. "आमच्या बीकॉमला कॅरिअर पायजे. कागदावर काढून आणलंय. मी म्हटलं, दोर बांधायला कॉलेज लागत नाय." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, तुझं प्रेम असंच असायचं. पण मी घरी आलो आणि तो खोका माळ्यावर टाकला. ठरवलं, आता मागू दे. एकदा तोंडाने म्हणू दे की बीकॉम, तुझं बरोबर होतं, मग खाली काढीन.

रविवारी पूर्णगडला जाताना तो खोका माळ्यावर होता. घट्ट बांधून आलेला, चिकटपट्टीसुद्धा न फोडलेला.

खाडीत तू नेहमीपेक्षा कमी बोललास. वल्हं माझ्याकडे दिलंस. मला वाटलं मान दिलास, मी खूश झालो. वर येऊन तू होडी बांधलीस, दोनदा थांबलास. "काय रे?" विचारलं तर म्हणालास, "गॅस." तुम्हा बोटीवरच्या सगळ्यांना गॅसच होतो. छातीत दुखलं गॅस, हाताला मुंग्या आल्या गॅस. चाळीस वर्षं समुद्राचं पाणी कुठल्या रंगाचं झालं की काय होतं ते ओळखणारा माणूस स्वतःच्या कपाळावरचा घाम ओळखत नाही. पावस गावापर्यंत तू ओढलंस. मग तुझा चेहरा बघितला आणि मी काही विचारलं नाही, गाडी रत्नागिरीच्या दिशेने दाबली. होडी डोलत होती, दोर माझ्या डोक्याला घासत होता, तू खिडकीला टेकून बसला होतास.

इस्पितळाच्या दारात मी हॉर्न दाबून धरला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली आणि त्यांनी तुझ्या दाराला हात घातला. दार उघडेना. मागचं ओढलं, तेही नाही. एक जण ओरडला, "लॉक काढा." मी म्हटलं, "लॉक नाही." टपावर केशरी होडी, आत दोन माणसं, बाहेर आता चार जण दारं ओढतायत. एक जण कात्री आणायला आत पळाला.

माझ्याकडे सुरी होती. समोरच्या खणात, नारळ फोडल्यावर खोबरं काढायची. ती माझ्या हातात आली सुद्धा. मी दोराला लावणार तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. हात गार होता, पण पकड तांडेलाची.

"कापू नको. सुटतंय."

"भाई, सोड."

"कापू नको म्हटलं ना. दोराला सुरी लावतंस?"

तुझ्या बोटीवर दोराला सुरी लावणाऱ्या खलाशाला तू दिवसभर चहा देत नव्हतास. गाठ घालायची ती सोडता येईल अशीच, कापावी लागली तर ती घालणाऱ्याला अक्कल नाही, हा तुझा कायदा. तो मला माहीत होता. मी कचेरीत तीस माणसांना कायदा सांगतो. मी पुस्तकं वाचलेला माणूस, छातीत दुखल्यावर मिनिटाला काय किंमत असते ते मी वर्तमानपत्रातून कापून पाकिटात ठेवलं होतं. तुझा एक हात माझ्या मनगटावर होता, फक्त एक. माझा दुसरा हात मोकळा होता. मला सुरी दुसऱ्या हातात घेता आली असती.

मी घेतली नाही. तू सांगितलंस आणि मी ऐकलं. सात वर्षांचा असल्यापासून तू सांगायचास आणि मी ऐकायचो.

एका हाताने तू ती गाठ सोडत बसलास. खारं पाणी, वाळू आणि रस्त्याचे धक्के, गाठ आवळून दगड झाली होती. नखाने टोक वर काढलंस, निसटलं, परत काढलंस. किती वेळ गेला मला माहीत नाही. माझ्या हातात घड्याळ होतं, मी बघितलं नाही. कात्रीवाला धावत परत आला तेव्हा दोर ढिला झाला होता. तू माझ्याकडे वळलास, ओठ निळे पडलेले, आणि हसलास.

"बघ. सुटली की नाय?"

हे तुझे शेवटचे शब्द, भाई. लोकांचे शेवटचे शब्द देवाचं नाव असतात, मुलाबाळांचं नाव असतात. तू भांडण जिंकून गेलास. आणि ज्याच्याशी जिंकलास तो आता कोणाशी बोलणार?

डॉक्टर म्हणाले, खूप मोठा झटका होता, त्या चार-पाच मिनिटांनी फरक पडला नसता. भला माणूस आहे. मी त्यांना विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "बहुतेक." बहुतेक हा शब्द मी महिनाभर खिशात घेऊन फिरतोय.

दिवसकार्य झाल्यावर मी तो खोका खाली काढला. कॅरिअर बसवायला वीस मिनिटं लागली, एकट्याला. इक्बाल येऊन उभा राहिला, मदतीला हात पुढे केला, मी नको म्हटलं. तो पकडी बघत होता. म्हणाला, "भाईला आवडलं असतं." मी म्हटलं, "आवडलं नसतं. नावं ठेवली असती आणि मग रोज पुसलं असतं." होडी वर चढवली, उताणी. पट्ट्या आवळल्या. पट्टीला एक बक्कल असतं, अंगठ्याने दाबलं की सुटतं. मी ते दाबलं, सोडलं, परत लावलं, परत दाबलं. इक्बाल म्हणाला, "साहेब, तुटेल." मग मी गाडीची चारही दारं उघडून ठेवली आणि तिथेच पायरीवर बसलो. टपावर होडी आणि चारही दारं उघडी, अशी गाडी मी आठ महिन्यांत बघितली नव्हती.

तुझे उपकार मोजायला मी बसलेलो नाही. ते मोजायचे नसतात हे तूच शिकवलंस. मी तुझ्यामुळे शिकलो, तुझ्यामुळे कोरडा राहिलो, तुझ्यामुळे जिवंत आहे. पण जे शिकवायला तू मला समुद्रापासून हाकलत होतास, ते शिक्षण ज्या एका क्षणी उपयोगी पडायचं, त्या क्षणी तू माझं मनगट धरलंस. मग शिकवलंस कशाला? फोटो लावायला?

इथवर लिहून झालं तेव्हा मला वाटलं, हे छापायच्या आधी वहिनीला कळलं पाहिजे. तिला सुरीचं मी सांगितलं नव्हतं. महिनाभर तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. मग काल दुपारी गेलो. ती ओटीवर सुकट निवडत होती. म्हटलं, "वहिनी, भाईवर लिहिलंय, वाचून दाखवू?" ती म्हणाली, "वाचा भावजी." मी वाचलं. पोलिसाशी ती थोडी हसली. सुरीपाशी आलो तरी मी थांबलो नाही. तिने सुकट निवडायचं थांबवलं नाही.

वाचून झाल्यावर म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कोणी सांगितलं?"

"दोराने. दोर अख्खा घरी आला ना. त्यावरून समजले, ह्यांनी कापू दिला नसणार. आणि तुम्ही ऐकलं असणार."

मी हातातले कागद खाली ठेवले. मग तीच म्हणाली, "शुक्रवारी रात्री छातीत कळ आली होती. मला म्हणाले, बीकॉमला सांगू नको, रविवार फुकट घालवील. मी पण ऐकलं." सुकटीतला एक खडा काढून तिने अंगणात टाकला. "ह्यांचं सगळ्यांनीच ऐकलं, भावजी. बोटीवरच्यांनी, घरातल्यांनी. चूक ती."

ती आत गेली आणि दोर घेऊन आली. गोड्या पाण्यात धुऊन, सुकवून, तू करायचास तसंच गोल वेटोळं घालून तिने तो खुंटीला टांगून ठेवला होता. माझ्या पुढ्यात टाकला. वर सुरी ठेवली, तीच, खोबऱ्याची. गाडीतून सामान काढताना तिच्याकडेच गेली होती.

"कापा," म्हणाली.

"वहिनी, भाईचा दोर—"

"भाईचाच. कापा. मला बघायचंय."

मी एका पायाखाली दोर धरला, ताणला आणि सुरी लावली. एक हिसका. दोर दोन तुकडे होऊन पडला.

वहिनीने विचारलं, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."